अक्षरांचं विसर्जन

आमच्या मनकर्णेला दिवाळीच्या आत अ काढता यावा, एवढीच माझी इच्छा होती. यापलीकडे माझ्या मनात काही नव्हतं. चळवळ नव्हती, समाजसेवा नव्हती, आणि निजामसरकारच्या विरुद्ध तर काही म्हणता काही नव्हतं. उलट त्याच सरकारच्या तहसील कचेरीत मी नक्कलनवीस होतो. नक्कलनवीस म्हणजे अस्सल कागदाची बरहुकूम नक्कल करणारा इसम. वरच्यानं एखादं वाक्य अर्धंच सोडलं असेल, तर आपणही ते अर्धंच सोडायचं. डोकं चालवणारा नक्कलनवीस या नोकरीत फार दिवस टिकत नाही. मी बावीस वर्षं टिकलो होतो, यावरून काय ते समजा.

माझं अक्षर मात्र बरं होतं. उर्दू, मोडी, बाळबोध, तिन्ही. चुडाव्याच्या टेसनापासून पालमपर्यंत असं अक्षर दुसरं नाही, असं लोक म्हणत. लोक म्हणत नसत तेव्हा मी म्हणत असे. अशा माणसाच्या मुलीला सहावं लागलं तरी अ येऊ नये, ही गोष्ट मला कचेरीत तोंड दाखवू देईना. म्हणजे कचेरीत कुणाला ती ठाऊक नव्हती, पण मला ठाऊक होती ना!

निजामसरकारचं फसली साल तेराशे सत्तेचाळीस लागायला महिनाभर होता. भाद्रपदात एका सकाळी मी धूळपाटी काढली. लाकडी फळीवर विटेची बारीक पूड पसरायची, बोटानं अक्षर काढायचं आणि चुकलं तर फळी हलवून मोकळं व्हायचं. मी स्वतः याच पाटीवर शिकलो. मनकर्णेनं मात्र पहिल्याच दिवशी विटेची पूड भातुकलीत तिखट म्हणून वापरली. दुसऱ्या दिवशी मी अ काढून दाखवला. तिनं अ कडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि दोघांचीही तिला सारखीच कीव आली असावी, कारण ती उठून आत गेली. असं तीन आठवडे चाललं.

"अहो, एकटं लेकरू धड जेवतसुद्धा नाही," आमच्या नर्मदाबाई म्हणाल्या. "जोडीला कुणी बसवा, म्हणजे ईर्ष्येनं शिकेल."

जोडी म्हणजे एक, असा आपला माझा समज. हीच गोष्ट त्या विहिरीवर बोलल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन बाहेर येतो तो ओट्यावर आमची धरून अकरा लेकरं! त्यांतली तीन नाकं पुसत होती, दोन रडत होती आणि एकानं माझा वहाणेचा जोड घातला होता.

शेजारचे मल्लिकार्जुनअप्पा किराण्याचं दुकान उघडं टाकून नातवाला, वीरभद्राला, घेऊन आले होते. अप्पा म्हणजे कडक लिंगायत, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि दुसऱ्याच्या कामात अपार श्रद्धा.

"मुन्शीजी, सुरुवात 'नमः शिवाय'नं झाली पाहिजे बगा," ते म्हणाले. "आमच्याकडं दुसरं चालत न्हाई."

आमच्या घरी आजवर सगळ्यांची सुरुवात 'श्रीगणेशाय नमः'नं झालेली. कचेरीतल्या चपराशानं आपली मुलगी धाडली होती, तिच्या घरी 'बिस्मिल्ला' म्हटल्याशिवाय पाटीला बोट लावायची पद्धत नव्हती. आता कुणाला नाही म्हणता? मी तिन्ही ठेवली. तिन्ही म्हणून होईपर्यंत निम्मी मुलं पेंगायला लागत आणि उरलेली निम्मी न्याहारीला घरी जात. मधल्या वेळात जे काही उरे, त्याला मी शिकवणं म्हणत असे.

अकरांत एक धुरपता होती. चार वर्षांची, शेंबडी, आजीच्या लुगड्याचा पदर सोडत नसे. तिची आई दिवसभर रानात, म्हणून सांभाळायला आजी, कडूबाई. नात ओट्यावर बसली की आजी खालच्या पायरीवर बसत. बसेनात का बापड्या, पण त्या गप्प बसतील तर शपथ!

"मुन्शीजी, ह्यो क लय आमच्या इळ्यावानी हाय," त्या पायरीवरून म्हणाल्या.

"कडूबाई, अक्षर म्हणजे सरस्वतीचं रूप. विळ्याशी बरोबरी करू नये."

"कामून? सरस्वतीच्या घरी इळा नसंल का?"

अकरा मुलं खिदळली. मी बावीस वर्षांत मोठमोठ्या दाव्यांच्या नकला केल्या होत्या, पण यावर काय उत्तर द्यावं ते कुठल्याच कागदात आलेलं नव्हतं. पुढं पुढं तर मी अक्षर काढायचा अवकाश, पायरीवरून त्याचं बारसं व्हायचं. ब म्हणजे बैलाची येसण, ड म्हणजे म्हशीचं शिंग. मुलंही तसंच म्हणायला लागली. मी नर्मदाबाईंकडे तक्रार केली, तर त्या म्हणाल्या, "त्यांचं निदान मुलांच्या लक्षात तरी राहतं."

घरातल्या माणसानं असं बोलल्यावर बाहेरच्यांना काय म्हणायचं!

मग आला दसरा. आता दसऱ्याला पाटीपूजन करायचं, हे कुणी मला सांगायला नको होतं. मी पहाटे उठून आंघोळ केली, अकरा धूळपाट्या मांडल्या आणि प्रत्येकीवर एकेक अ काढला. काय सांगू तुम्हाला! माझ्या हातून असे अ ना आधी उतरले, ना नंतर. आया हळदकुंकू घेऊन आल्या, झेंडूची फुलं वाहिली, आपट्याची पानं ठेवली, उदबत्ती ओवाळली. कडूबाईंनी तर ओट्यावर डोकं टेकलं. माझ्या अक्षराला आजवर शाबासकी मिळाली होती, नमस्कार पहिल्यांदाच मिळत होता. मी मनातल्या मनात तो माझ्याकडे वळवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "हं, आता पाट्या हलवा. आज आ."

एकदम गलका झाला. अप्पांच्या बायको भागम्मा पुढं झाल्या. "पुजलेलं पुसायचं? मुन्शीजी, शिकल्याला मानूस तुमी!"

"अहो, धुळीचं अक्षर आहे..."

"गनपती तरी कशाचा असतो मग? मातीचाच की!"

सगळ्या आयांनी आपापल्या पाटीवर हात आडवा धरला. माझीच बायको माझ्याच मुलीच्या पाटीवर हात धरून उभी. आठ दिवस तोच अ! मुलांना काही शिकवायचं तर पाटी रिकामी हवी, आणि पाटीवर देव बसलेला. त्यात वारा सुटला. अ चे पाय उडायला लागले तसं प्रत्येकीनं घरून डालं आणून पाटीवर पालथं घातलं. कोंबडीची पिल्लं झाकतात तसे आमच्या ओट्यावर अकरा डाल्यांखाली अकरा अ झाकलेले, आणि भोवती अकरा मुलं चिंचोके खेळतायत. येणारे-जाणारे विचारत, "मुन्शीजी, कोंबड्या पाळायलाव का?" ब्राह्मणाला हे विचारतात! मी दार लावून आत बसू लागलो.

सल्ले द्यायला काय लागतं? अप्पा म्हणाले, त्यांच्या स्वामींना विचारून येतो, स्वामी सध्या कर्नाटकात आहेत, महाशिवरात्रीपर्यंत येतील. कचेरीच्या फाटकाशी कडुलिंबाखाली पत्र्याची पेटी घेऊन बसणारा अर्जनवीस बन्सीधर म्हणाला, शंकराचार्यांना एक अर्ज टाकू, मसुदा मी करतो. शेवटी पायरीवरून आवाज आला.

"गनपतीचं करता तसं करा की. नाल्याला न्या अन् बोळवा."

झालं. सगळ्यांना पटलं. मला कुणी विचारलंच नाही. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी अकरा मुलं डोक्यावर पाट्या घेऊन निघाली. मागं आया, त्यांच्यामागं आयांच्या ओळखीच्या बाया. कुणीतरी हलगी आणली. हलगी म्हटल्यावर गावातलं रिकामं मनुष्यबळ आपोआप आलं. सगळ्यांच्या मागं मी, धोतराचा सोगा धरून, आपण दुसऱ्याच कामाला निघालो आहोत असा चेहरा करून. मुलं ओरडत होती, "अ, पुढल्या साली लवकर ये!" आता अ पुढल्या साली येऊन आमचं कसं भागायचं? पण ऐकतो कोण! नाल्याला जायची वाट पोलीस चौकीवरून होती. चौकीत जमादार दुपारचे झोपले होते. हलगीनं ते उठले, आणि झोपमोड झालेल्या माणसाच्या हातात त्या वेळी लेखणी आली.

त्या काळी आमच्या मुलखात जुलूस काढायचा तर इजाजत, म्हणजे सरकारी परवानगी, सभा भरवायची तर इजाजत, खानगी मदरसा, म्हणजे खासगी शाळा, काढायचा तर इजाजत. चार माणसं ओट्यावर सुपारी कातरत बसली तरी एकानं रस्त्याकडे लक्ष ठेवावं, अशी हवा होती. जमादारांनी लिहिलं की सुमारे साठ इसमांच्या मजम्यानं, म्हणजे जमावानं, वाद्य वाजवून, घोषणा देऊन, लाल रंगाची अज्ञात भुकटी सरकारी नाल्यात टाकली आणि चौकशीत असं निष्पन्न झालं की या सगळ्याच्या मुळाशी एक बिगरइजाजत मदरसा आहे.

हे मला इतकं तोंडपाठ कसं, असं विचाराल. तो कागद माझ्याकडेच आला होता. तीन नकला, आजच्या आज.

मी आपला नेहमीप्रमाणे टाक बुडवून लिहायला बसलो. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर आरोपीचं नाव आलं, 'मुसम्मा दिनकरराव, पेशा नक्कलनवीस.' मला वाटलं, वा, आपल्याच नावाचा कुणी! मग वडिलांचं नाव आलं, मग घराची खूण आली, मग डाल्यांचाही उल्लेख आला. पण नक्कल ती नक्कल. मी माझ्यावरचा आरोप तीनदा, एकही ओळ न चुकवता, उतरवून काढला. तहसीलदारांपुढं कागद ठेवणारे आमचे पेशकार होते, त्यांनी कागद बघून मान डोलावली. म्हणाले, "मुन्शीजी, असं सुंदर काम तुमच्या हातून बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं."

सोबत एक निनावी तक्रारही जोडलेली होती. नाव नव्हतं, पण अक्षर होतं, आणि अक्षराच्या बाबतीत मला फसवणारा अजून जन्मायचाय. मी तसाच उठून कडुलिंबाखाली गेलो.

"बन्सीधर, हे तुझं अक्षर!"

"मग इतकं वाईट दुसऱ्या कुणाचं असेल?" बन्सीधर शांतपणे म्हणाला. "गिऱ्हाईक आलं, मी लिहून दिलं. धंदा आहे, दिनकरराव. आता तुम्ही आलात, तुमचं उत्तर लिहितो. आणि विचार करा, तक्रारीत भोक कुठं आहे ते लिहिणाऱ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?"

हा माणूस मला लबाड वाटत होता, आणि त्याचं म्हणणं खरं वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटलं की माझं काही चालत नाही. मी त्याच्या पेटीशी बसलो.

आम्ही आधी इजाजत मागून बघितली. छापील फारम आला. मदरशाला खोल्या किती? ओटा एक. खिडक्या किती? ओट्याला खिडक्या नसतात, असं मी नम्रपणे लिहिलं. खेळाचं मैदान? ओट्यापुढं रस्ता आहे आणि त्यावर म्हशी बसतात. महिन्यानं सवाल आला: म्हशी कोणाच्या? कडूबाईंच्या, असं कळवलं. आणखी महिन्यानं सवाल आला: मुसम्मात कडूबाई यांचा मदरशाशी संबंध काय? नात शिकते, असं कळवलं. कागद जिल्ह्याला जायचा, जिल्ह्याहून यायचा, आणि प्रत्येक खेपेला त्याच्या नकला मीच करायचा. तोवर ओट्यावरचं शिकवणं चालूच होतं. बंद करा, असा हुकूम आला नव्हता, आणि हुकुमाशिवाय मी कुठलीच गोष्ट बंद करत नाही.

चैत्र लागला आणि हुकूम आला. तालीम खात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, तपासनीस नाझरसाहेब स्वतः येऊन मौका, म्हणजे जागा, बघणार. सरकारी मुलाजिमानं, म्हणजे नोकरानं, बिगरइजाजत मदरसा चालवल्याचं सिद्ध झालं, तर त्याला नोकरीवरून मौकूफ करण्यात येईल. 'मौकूफ' हा शब्द मी तीन नकलांत तीनदा लिहिला. तिसऱ्या खेपेला शाई पसरली.

मला या नोकरीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, दुकान नाही, वाडवडिलांनी काही ठेवलेलं नाही. नर्मदाबाई ते ऐकून पिठाच्या हातांनी तशाच चुलीपुढं बसून राहिल्या.

"घाबरू नका," बन्सीधर म्हणाला. "मदरसा म्हणजे काय? शिकवणारा हवा, शिकणारा हवा आणि विद्या हवी. शिकवणारा तुम्ही, शिकणारी मुलं. ही दोन लपवता यायची नाहीत. विद्या लपवा."

"म्हणजे?"

"सहा महिने बसून एकालाही अक्षर येत नाही, असं दिसलं की झालं! मग तो मदरसा कसा? शेजारची लेकरं ओट्यावर खेळतात. बस!"

माझी नोकरी वाचायची असेल, तर मी सहा महिन्यांत कुणालाही काहीही शिकवू शकलो नाही, हे मी भर गावात सिद्ध करायचं! चुडाव्यापासून पालमपर्यंत ज्याच्यासारखं अक्षर नाही, त्यानं! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून मी विसरण्याचे पाठ सुरू केले.

"हे काय आहे?" मी अ काढून विचारायचो.

"न्हाई येत!" अकरा मुलं एका सुरात.

"शाबास! हे?"

"न्हाई येत!"

जे सहा महिने घसा कोरडा करून जमलं नाही, ते दोन दिवसांत जमलं. अशी तयारी मी कधी बघितली नाही. वीरभद्र तर अ बघून असा काही गोंधळल्याचा चेहरा करायचा की मलाच क्षणभर शंका यायची.

फक्त एक घोटाळा झाला. लिहायचं नाही म्हटल्याबरोबर मुलांच्या बोटांना खाज सुटली. तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या दुकानाच्या भिंतीवर कोळशानं क. महादेवाच्या पायरीवर चुन्यानं ग, म, भ. आणि आमच्या मनकर्णेनं, जिनं सहा महिने पाटीकडे ढुंकून बघितलं नव्हतं तिनं, स्वयंपाकघराच्या सारवलेल्या भिंतीवर अ पासून अः पर्यंत बाराच्या बारा ओळीनं काढून ठेवले! नर्मदाबाईंनी मला हाक मारून दाखवले. आम्ही दोघं भिंतीपुढं उभे राहिलो. मग मी ओलं फडकं आणलं आणि माझ्या मुलीची पहिली मुळाक्षरं माझ्या हातानं पुसली. नर्मदाबाई तोंड फिरवून उभ्या होत्या.

पुढचे चार दिवस मी रोज सकाळी कचेरीला जाण्याआधी फडकं आणि तांब्या घेऊन गावभर अक्षरं पुसत हिंडत होतो. एकदा तर कडूबाईंच्या म्हशीच्या पाठीवर राखेनं काढलेला क मी पुसायला गेलो आणि म्हशीनं मला नाल्यापर्यंत पळवलं. लोकांनी बघितलं. लोक अशा वेळी बरोबर हजर असतात.

नाझरसाहेब सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरले आणि भर दुपारी टांग्यातून आमच्या दारात आले. वयस्क होते, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला, उन्हानं चेहरा उतरलेला. बरोबर त्यांचे स्वतःचे पेशकार. मला वाटलं होतं, आल्या आल्या गरजतील. त्यांनी आधी पाणी मागितलं आणि पाणी आणणाऱ्या मनकर्णेच्या डोक्यावरून हात फिरवला. अशा माणसापुढं खोटं बोलणं फार जड जातं.

अकरा मुलं ओळीनं बसली होती. साहेबांनी वीरभद्राकडे बघून तोंड उघडलं मात्र, अकराच्या अकरा ओरडली, "न्हाई येत!"

"अभी तो मैंने पूछाच नहीं," साहेब म्हणाले.

बन्सीधरनं कपाळाला हात लावला. पण पुढं मुलांनी कमाल केली. प्रत्येकापुढं धूळपाटी ठेवली आणि प्रत्येकानं तिच्यावर अशा काही रेघोट्या ओढल्या की त्यांत भाषा शोधणं कुणालाच शक्य नव्हतं. मनकर्णेनं मांजर काढलं. धुरपतेनं पूड खाल्ली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. आवाज हळू होता. "मुन्शीजी, छे महिने. एक हर्फ भी नहीं?"

ओट्यापुढं निम्मं गाव उभं. मी म्हणालो, "एकही अक्षर नाही, हुजूर."

"आमच्या वीरभद्राला तर आधी येत व्हतं, त्येबी गेलं," अप्पांनी मदत म्हणून सांगितलं.

गर्दीत कुणीतरी हसलं. मला भूमीनं पोटात घ्यावं असं झालं. पण नोकरी वाचली होती. पेशकारांनी उर्दूत पंचनामा लिहिला: मौक्यावर मदरसा नाही, कोणत्याही मुलास अक्षरओळख नाही. पंच म्हणून अप्पा, दोन शेतकरी, आणि पालकांतर्फे कडूबाई. पेशकारांनी रिवाजाप्रमाणे अप्पांच्या नावापुढं 'सही' आणि बाकीच्या तिघांच्या नावांपुढं 'निशाणी अंगठा' असं आधीच लिहून ठेवलं होतं. अप्पांनी हुंडीवर करतात तशी मोडी सही ठोकली. दोघा शेतकऱ्यांनी अंगठे उठवले आणि डोक्याला पुसले.

कडूबाईंपुढं शाईची गादी आली. त्यांनी ती बाजूला सारली.

"टाक द्या इकडं."

पेशकारांना वाटलं, बाई शाई नीट लावून मागते आहे. त्यांनी टाक दिला. कडूबाई पायरीवर फतकल मारून बसल्या, कागद मांडीवर घेतला, जीभ दाताखाली धरली. एक ठिपका सांडला. मग वेळ गेला. साहेबांनी खिशातलं घड्याळ बघितलं. बन्सीधर माझ्याकडे बघायला लागला, मी कडूबाईंच्या हाताकडे. तो हात कागदावर थांबत थांबत चालला होता, आणि प्रत्येक वळणाशी त्यांचे ओठ हलत होते.

पेशकारांनी कागद उचलून साहेबांपुढं धरला. दोघेही उर्दू-फारशीतले, बाळबोध त्यांना येत नव्हती. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला. "ये क्या है?"

"नांगर, हुजूर!" बन्सीधर पुढं उडी मारून म्हणाला. "शेतकरी लोक सहीच्या जागी नांगराची निशाणी काढतात. जुना रिवाज आहे." आणि त्यानं माझ्या पायावर पाय दिला.

रिवाज खराच होता. कचेरीतल्या जुन्या कागदांवर असे शेकडो नांगर मी उतरवून काढले होते. साहेब माझ्याकडे वळले. "मुन्शीजी, आप तो पढ़ सकते हैं. नांगरच है ना?" आणि थांबून म्हणाले, "सोच के बोलना."

ते मला वाट देत होते, हे मला तेव्हाही कळलं. नुसती मान हलवायची होती. दाराआड नर्मदाबाईंच्या बांगड्या वाजल्या. बावीस वर्षांत मी वरच्यानं लिहिलं तेच लिहिलं होतं, वरच्यानं म्हटलं तेच म्हटलं होतं. आता तर वरचाच माणूस सांगत होता की नांगर म्हण.

पण 'नांगर' हा शब्द कडूबाईंना ऐकू गेला होता.

"नांगर? कुनाचा नांगर?" त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "मुन्शीजी, वाचा की! तुमालाबी येत न्हाई का?"

अहो, मी काय करणार होतो? डचा उकार, बचा काना, शेवटची ई, सगळं वाकडं, पण सगळं जागच्या जागी होतं. सहा महिने अकरा पोरांमागं लागलो, आणि जिला गप्प बसा म्हणत होतो ती शिकून बसली. असं लिहिलेलं समोर असताना त्याला नांगर म्हणायचं म्हणजे... नाही जमलं मला.

"हुजूर, नांगर नाही," मी म्हणालो. "नाव आहे. कडूबाई."

बन्सीधरनं डोळे मिटले.

"किसने सिखाया?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"आवं, पन लेकरांनला येत न्हाई असं लिवलंय ना त्यात?" कडूबाई मधेच म्हणाल्या. सगळं बिनसलं आहे, एवढं त्यांच्याही ध्यानात आलं होतं. "मला येत न्हाई असं कुठं लिवलंय?"

त्याचा काही उपयोग झाला नाही, हे आताच सांगून टाकतो. साहेब भले होते, पण कागद कागदाच्या वाटेनं जातो. आठव्या दिवशी मी मौकूफ झालो. कचेरीत दुसरा नक्कलनवीस नसल्यामुळं त्या हुकुमाच्या तीन नकला करूनच मी दप्तर सोडावं असं ठरलं. मी केल्या, आणि चांगल्या केल्या. नर्मदाबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलल्या, ते इथं सांगण्यासारखं नाही. आता मी कडुलिंबाखाली बन्सीधरशेजारी पेटी मांडून बसतो. तो म्हणतो, तुमच्या अक्षरामुळं धंदा बुडायची वेळ आली आहे, अर्ज पहिल्याच खेपेला कचेरीत लोकांना वाचता येतात.

पण ते सगळं नंतर. त्या दुपारी आम्ही अजून ओट्यावरच होतो. पेशकार नवा कागद शोधत होते. कडूबाई आपल्या नावाकडे मान वाकडी करून बघत होत्या, आणि शेजारी उर्दूत काहीतरी लिहिलेलं त्यांच्या नजरेला पडलं.

"मुन्शीजी, ह्ये माज्या नावाच्या बाजूला काय लिवलंय?"

"निशाणी अंगठा."

"मंग त्ये खोडा की."

सरकारी कागदावर खाडाखोड! मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी चष्मा काढला होता आणि ते तो घासून घासून पुसत होते, जणू वर्षाची धूळ आजच निघायची होती. मी टाक उचलला, बुडवला आणि अंगठ्यावर एक रेघ मारली.

"आनखी एक मारा," कडूबाई म्हणाल्या. "दिसायलाय अजून."

मी मारली.